डाव्या पायाचं काय करायचं?

डॉक्टरांनी माझा डावा गुडघा दोन्ही हातांनी धरून वाकवला. आतून कटकट असा आवाज आला. तो त्यांनी ऐकला, मीही ऐकला.

"आजी, जिने फार चढता का?"

"आमचं घर बैठं आहे. मी गाडी चालवते."

"कसली गाडी?"

"जीप. जुनी."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. मग मी त्यांना क्लच किती जड आहे ते नीट समजावून सांगितलं. विहिरीवरचा जुना हातपंप पायाने दाबावा तसा तो दाबावा लागतो, आणि घाटात तर एका वळणाला दोनदा. ते म्हणाले, "मग क्लच बंद करा." आणि चिठ्ठी लिहायला लागले.

गोड कमी करा म्हणावं तसं ते म्हणाले. पण क्लच बंद म्हणजे माझ्यासाठी अक्का बंद.

आता अक्का कोण ते सांगते. माझी मोठी बहीण. आमचं माहेर दोंडाईचाकडचं. पाच भावंडांतल्या आम्ही दोघीच उरलोय. मला दिलं इकडे रावेरच्या बाजूला, केळीच्या मळ्यात, आणि अक्काला दिलं तिकडे साक्रीच्याही पलीकडे, डोंगरात, जिथे पाऊस पडला तर बाजरी आणि नाही पडला तर मजुरी. दोघींच्या मध्ये जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे आडवे पसरलेत. अक्काला आता दिसतं कमी, एसटीत चढायला ती घाबरते. आणि एसटी तरी कुठे दारात जाते? फाट्यावर सोडते, तिथून तासभर चाल. म्हणून महिन्यातून एकदा मी जाते. धुळ्याला भाच्याकडे जेवायचं, थोडं आडवं व्हायचं, की पुढे डोंगर. अक्काच्या घराआधी एक नाला आहे, त्यात गोल गुळगुळीत दगड. नाला ओलांडला की सुट्या मुरमाचा खडा चढ, मध्येच मोहाच्या झाडाशी वळण, आणि मग अंगण. मी जीप थेट अंगणात नेऊन उभी करते. करत होते म्हणू की करते म्हणू, तेच त्या दिवशी दवाखान्यातून निघताना कळेना.

गाडी मला कोणी शाळेत घालून शिकवली नाही. ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा केळीचा हंगाम होता आणि चालवणारं घरात कोणी नव्हतं. ह्यांनी शेजारी बसून ओरडायचं आणि मी चालवायचं, अशी मी शिकले. "अगं, ऐकू येत नाही का तुला, रडतेय ती, बदल गियर!" गाडी रडते कधी, कण्हते कधी, हे मला त्या ओरडण्यातून समजलं. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण गियर मी अजून कानानेच बदलते.

मुलगा पुण्याला असतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "आई, ऑटोमॅटिक घे. क्लचच नसतो. विषय संपला."

"ती अक्काच्या अंगणात चढेल का?"

"आजकालच्या गाड्या कुठेही चढतात."

"तू चढवलीस का कुठे?"

"आई, मी हिंजवडीला राहतो."

त्याला विचारून उपयोग नव्हता. म्हणून मी धुळ्याच्या भाच्याला विचारलं. आणि इथूनच माझ्या डोक्याचा गुंता सुरू झाला, तो अजून पुरता सुटलेला नाही.

हा भाचा म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. चाळिशीचा झाला, दोन लेकरांचा बाप आहे, पण गाडी म्हटलं की जेवायचं विसरतो. त्याचा तसलाच एक कंपू आहे. रविवारी सकाळी ही माणसं गाड्या घेऊन धुळ्याजवळच्या टेकड्यांत, कोरड्या नदीत, जिथे रस्ता नाही अशा ठिकाणी मुद्दाम जातात. आमच्या गावाने रस्ता व्हावा म्हणून किती अर्ज केले असतील! आणि ही माणसं चांगला डांबरी रस्ता सोडून दगडात जातात, तिथे अडकतात, एकमेकांना ओढून काढतात आणि खूश होऊन घरी येतात. मला आधी वाटायचं, भाचा चेष्टा करतोय. मग त्याने फोनवर फोटो दाखवले.

"आत्या, तुझा प्रश्न ग्रुपवर टाकला," तो म्हणाला. "दोन दिवस झाले, भांडणं चालू आहेत."

"उत्तर काय आलं?"

"उत्तर नाही आलं. दोन जण ग्रुप सोडून गेले."

मी म्हटलं, असं फोनवर कशाला, सगळ्यांना घेऊन मळ्यात ये. भरताचे दिवस आहेत. वांगी पण खा आणि मला पण समजावून सांगा. थंडी पडली की आमच्याकडे भरीत करायला निमित्त लागत नाही, पण निमित्त मिळालं की वांगी जास्त लागतात एवढंच.

तर एका रविवारी सकाळीच पाच-सहा गाड्या मळ्याच्या बांधावर येऊन थांबल्या. सगळ्यांची ओळख सांगत बसत नाही, दोघं लक्षात ठेवा. एक दाढीवाला, कॉलेजात शिकवतो, त्याची गाडी नवी पण गियर हाताने टाकायचा. दुसरा औषधाच्या दुकानाचा मालक, त्याची ऑटोमॅटिक, इतकी नवी की सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. दोघं एकाच शाळेतले मित्र. भाचा म्हणाला, हे दोघं लहानपणी क्रिकेटवरून भांडायचे, आता गियरवरून.

बांधाशी आमचे नाना कपाशीच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाटी, रचत होते. नाना आमचे सालदार, माझ्या लग्नाच्या आधीपासून मळ्यावर आहेत. वांगं भाजावं तर पऱ्हाटीवरच, दुसऱ्या जाळाला ती चव नाही. मी लाकडी बडगीत मिरच्या ठेचायला बसले आणि म्हटलं, "हां, सांगा आता."

दाढीवाला पुढे सरसावला. "आत्या, ऑटोमॅटिकमध्ये गाडी ठरवते कुठला गियर टाकायचा. तुम्ही नाही. गाडीला पुढचा चढ दिसतो का? तुम्हाला दिसतो. मग ठरवायचं कोणी?"

मला पटलं. मोहाच्या झाडाशी मी आधीच पहिला टाकते, ते गाडीला कुठून कळणार?

औषधवाला म्हणाला, "आत्या, ह्याचं ऐकू नका. दगडातून जाताना ह्याचा एक पाय क्लचवर, एक ब्रेकवर, आणि ॲक्सिलरेटरला पाय उरत नाही. गाडी मागे घरंगळते. माझी नुसता ब्रेकवरचा पाय उचलला की मुंगीसारखी चालते. दगड चढायला ऑटोमॅटिकच बरी."

मला हेही पटलं.

"आणि उतारावर?" दाढीवाला म्हणाला. "उतारावर गियर गाडीला धरून ठेवतो. तुझी सुटली तर?"

"माझ्यात उताराचं बटण आहे. दाबलं की आपोआप हळूहळू उतरते."

"बटण! उद्या बटण बिघडलं म्हणजे?"

"उद्या तुझी क्लच प्लेट जळली म्हणजे?"

"अरे, पण मुळात गियरचा संबंधच नाही," भाचा मध्येच म्हणाला. "चारही चाकांना ओढ आहे का ते बघा. आजकालच्या निम्म्या गाड्या दिसायला रणगाडा आणि आत दोनच चाकं ओढतात. उंची नुसती दाखवायची."

"चार चाकांनी काय होतं? टायर बघ टायर!" मागून कोणीतरी ओरडलं.

मी मिरच्या ठेचायची थांबले. "अरे बाबांनो, मला एवढंच सांगा, अक्काच्या अंगणात जाईल की नाही?"

सगळे एकदम म्हणाले, "ते अवलंबून आहे."

मग औषधवाल्याने मला गाडीत बसवून सगळं दाखवलं. गियरच्या जागी एक छोटा दांडा, त्यावर एक-दोन-तीन काहीच नाही, इंग्रजी अक्षरं. बाजूला एक गोल चक्री, तिच्यावर चित्रं. हे वाळूसाठी, हे चिखलासाठी, आणि हे, चांदणीसारखं, बर्फासाठी.

"बर्फ?" मी म्हटलं. "आपल्या जळगावात?"

"ते येतंच आत्या, सगळ्या गाड्यांना."

आमच्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसात. मे महिन्यात इथे डांबर चपलेला चिकटतं. पण म्हटलं, असेल काही कारण. दाढीवाला खिडकीतून वाकून म्हणाला, "बघा आत्या, तुम्ही बर्फाचे पैसे भरणार आणि क्लचला मुकणार."

"चला, दाखवतोच," औषधवाला म्हणाला. मी उतरले, आणि त्याने गाडी बांधावरून खाली, केळीच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात घातली. तिथून फिरवून वर आणणार होता. मला ओरडायचं होतं, पण नाना आधी ओरडले. त्या पट्ट्यात ठिबकची नळी कुठेतरी निसटली होती आणि रात्रभर पाणी मुरलं होतं. वरून माती सुकलेली, पापुद्रा धरलेली. आत मात्र शिऱ्यासारखा चिखल.

गाडी दहा-बारा हात गेली आणि बसली. आमची काळी माती अशी आहे की ती चाकाच्या खाचांत जाऊन बसते, आणि खाचा भरल्या की टायर कितीही भारी असो, लोण्याच्या गोळ्यासारखा गुळगुळीत होतो. त्याने चिखलाचं चित्र लावलं. मग वाळूचं. गाडी अजून एक वीत खाली गेली.

"गाडी बठ्ठी फसी गयी," नाना शांतपणे म्हणाले आणि परत काड्या रचायला लागले.

आता धुळ्याच्या माणसांनी काय करावं? चाकाखाली काहीतरी घालायला हवं, एवढं त्यांना माहीत. आणि समोर तर तोडलेल्या केळीची खोडं पडलेली, जाडजूड, दंडासारखी. त्यांनी चार-पाच उचलून आणली आणि चाकांखाली घातली. मी बांधावरून हात हलवतेय, "अरे नको, नको," पण त्यांना वाटलं मी शाबासकी देतेय. केळीचं खोड म्हणजे सगळं पाणी. गाडी सुरू झाली, चाक फिरलं, खोडांचा रस निघाला, आणि ते चाक असं भिरभिरायला लागलं की जणू कोणी त्याला तेल लावून दिलं. वर ढकलणाऱ्या सगळ्यांच्या अंगावर चीक उडाला. केळीच्या चिकाचा डाग कुठल्याही साबणाने जात नाही, काळा पडतो आणि कपडा फाटेपर्यंत राहतो. रावेरचं लेकरूही खोडाला शर्ट लावत नाही. कोरड्या नदीतल्या माणसांना हे कोण सांगणार?

नाना इतके हसले की त्यांना खोकला आला. "आरे भाऊ, केयना खोडवर कोणी गाडी चालाडस का?"

मग नानांनीच सुचवलं, पऱ्हाटी घाला. कपाशीच्या काड्या टोचऱ्या, वाळक्या, त्या मातीत रुततात आणि चाकाला धरतात. म्हणजे भरताचा सगळा जाळ चाकाखाली गेला. वांगी तशीच टोपलीत.

औषधवाला म्हणाला, "आत्या, तुम्ही बसा स्टिअरिंगवर. तुमचं वजन कमी, आम्ही सगळे ढकलतो. फक्त हळू पाय द्या, बाकी काही करायचं नाही."

बाकी काही करायचं नाही, हेच तर मला जमलं नाही. मी बसले. पाय दिला. काड्या मोडल्याचा आवाज आला, गाडी हलली, चढायला लागली, बाहेर सगळे "हां हां हां" करायला लागले. इंजिनाचा आवाज वाढला. माझ्या कानाने ऐकलं की ती रडतेय, गियर बदल. आणि माझा डावा पाय, इतक्या वर्षांचा सवयीचा, जाऊन जोरात क्लच दाबून आला. क्लच तिथे नव्हता. तिथे ब्रेक होता, हा एवढा रुंद.

गाडी जागच्या जागी थांबली. मागून ढकलणारे पाचही जण गाडीवर आपटले आणि तिथून चिखलात. गाडी परत पहिल्या खड्ड्यात.

"आत्या!" भाचा चिखलातून म्हणाला. "डावा पाय! डावा पाय वापरायचाच नाही!"

"मग त्याचं करायचं काय?" मी विचारलं. हे मी चेष्टेने विचारलं नव्हतं. मला खरंच कळत नव्हतं, शरीराचा एक अख्खा पाय असा रिकामा कसा ठेवायचा.

दाढीवाल्याला आता आपलं खरं करायची संधी मिळाली. "बाजूला व्हा," म्हणत त्याने आपली हाताच्या गियरची गाडी दोरीने बांधायला खाली आणली. आणि पाच मिनिटांत तीही बसली. क्लच जळल्याचा वास आमच्या ओसरीपर्यंत आला. आता एक ऑटोमॅटिक आणि एक मॅन्युअल, शेजारी शेजारी, म्हशी डुंबाव्यात तशा.

शेवटी मी जीप काढली. खाली नेलीच नाही. बांधावर, टणक जमिनीवर उभी केली. नानांनी विहिरीचा लांब दोर आणला. मी जीपमधला गियरशेजारचा छोटा दांडा ओढून चारही चाकं जोडली, पहिला टाकला, क्लच हळूहळू सोडला, परत दाबला, परत सोडला. दोन्ही गाड्या एकामागून एक बाहेर आल्या. टाळ्या वाजल्या.

"बघितलं! मॅन्युअल!" दाढीवाला ओरडला.

"तुझी पण मॅन्युअलच होती ना? ही चार चाकांची ओढ आहे," भाचा म्हणाला.

"काही नाही, गाडी टणक जमिनीवर होती म्हणून," औषधवाला.

"दोर लांबा व्हता," नाना म्हणाले.

मला मात्र जीपमधून उतरता येत नव्हतं. डावा पाय बाहेर काढला आणि तो माझा नसल्यासारखा लोंबत राहिला. भाच्याने आणि दाढीवाल्याने दोन्हीकडून धरून मला खाटेवर आणलं. गुडघा वांग्याएवढा झाला होता. हसणं सगळ्यांचं थांबलं. औषधवाला मातीने माखलेल्या हातांनी खिशातून गोळ्या शोधायला लागला. वांगी शेवटी तुरीच्या काड्यांवर भाजली, चव जरा वेगळी आली, पण कोणी तक्रार केली नाही. जाताना औषधवाल्याने गाडीची किल्ली भाच्याच्या हातात ठेवली. "आत्या, बऱ्या झालात की माझी गाडी घेऊन अक्कांकडे जाऊन या. तिथे जाऊनच कळेल. आम्ही नुसते बोलतो."

दहा-बारा दिवसांनी सकाळीच भाचा ती गाडी धुऊन घेऊन आला. मी मागच्या सीटवर केळ्यांचा घड ठेवला आणि पुढे बसले. तो शेजारी.

"आत्या, एक काम कर," तो म्हणाला. "डावा पाय सीटवर मांडी घालून घे. म्हणजे जाणारच नाही ब्रेककडे."

मी घेतला. तुम्हाला खोटं वाटेल, पण भुसावळ, जळगाव, धुळे, सगळं मी एका पायाची मांडी घालून चालवलं, जशी चुलीपुढे पाटावर बसते तशी. सुरुवातीला डावा हात सारखा गियर शोधायचा आणि पाण्याच्या बाटलीला लागायचा. कान सारखे म्हणायचे, रडतेय ती, बदल. आणि मी काही करायच्या आत ती स्वतःच गप्प व्हायची. मला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. जसं सुनेने मला न विचारता भाजीत मीठ घालावं आणि ते बरोबर पडावं.

नाला आला. दगडांतून ती मुंगीसारखी गेली, औषधवाला म्हणाला होता तशीच. मी म्हटलं, जमलं. चढ लागला. मोहाच्या झाडाशी मुरूम सुटा झाला होता, चाक घसरलं. आणि गाडीने स्वतःच जोर कमी केला. समोर एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला, त्यात घसरत्या गाडीचं चित्र. मी पाय पूर्ण दाबला. ती ऐकेचना. जीप असती तर मी अर्धा क्लच धरून तिला रागावून वर काढली असती. हिला रागावायचं कसं?

"हे बंद करायचं बटण असतं," भाचा म्हणाला. "आत्ता फोन करून विचारतो." फोनला रेंज नव्हती. मग आम्ही दोघं बटणं शोधायला लागलो. एक दाबलं तर सीट गार व्हायला लागली. एक दाबलं तर छत उघडलं आणि मोहाची वाळकी पानं आत पडली. मग भाच्याने ती चक्री फिरवली. वाळू, नाही. चिखल, नाही. शेवटी त्याने बर्फाचं चित्र लावलं, आणि गाडी दोन हात वर गेली! साक्रीच्या डोंगरात, कोरड्या मुरमावर, बर्फावर! आम्ही दोघं इतके चकित झालो की मी पाय उचलला, आणि ती परत थांबली. मग बर्फानेही नाही.

वर शेळ्या राखणारी एक बाई दगडावर बसून हे सगळं बघत होती. बराच वेळ बघून झाल्यावर ती म्हणाली, "उतर ना वं, पाय शेत ना तुले?"

मला राग आला. पाय आहेत हो, पण हा पाय... आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी गुडघ्याला एकदाही शिवी दिली नव्हती. मी मांडी सोडली. पाय खाली टेकवला. तो टेकला. दुसरा टेकवला. उभी राहिले. जीपने आले की अंगणात दोन माणसं लागायची मला उतरवायला, अक्काची सून एकीकडून आणि शेजारीण दुसरीकडून. आणि आज मी गाडीच्या दाराला धरून एकटी उभी होते.

भाच्याने गाडी हळूहळू मागे नेऊन नाल्याच्या काठावर लावली. घड खांद्यावर घेतला. आणि आम्ही चालत चढलो. थांबत थांबत, मोहाखाली बसत. पण चढलो.

अक्का ओट्यावर बसली होती. पावलांचा आवाज ऐकून तिने मान वर केली. "कोण शे?"

"मी."

"तू? गाडीना आवाज नही उना. कशी उनी?"

"चालत."

"चालत?" तिने हात पुढे केला आणि माझा हात चाचपला, मीच आहे की नाही ते बघायला. "खोटं बोलस. तू आनि चालत!"

भाच्याला ओट्याच्या कोपऱ्यात रेंज मिळाली. त्याने माझ्या मुलाला फोन लावून माझ्याकडे दिला.

"आई, चढली का गाडी?"

"नाही."

"मग नको ना ती? दुसरी बघू."

"घे तीच."

"अगं, चढली नाही म्हणतेस!"

"गाडी नाही चढली. मी चढले."

"म्हणजे मला काही कळलं नाही."

"मला तरी कुठे कळलंय. पण घे."

"आणि जीप?"

"जीपचं नंतर बघू. ती काय जेवायला मागते का." मी फोन भाच्याकडे दिला. त्याने लगेच दाढीवाल्यालाही फोन लावून सगळं सांगितलं, आणि दाढीवाला म्हणाला की मुरमावर टायर चुकीचे होते, त्यात गियरचा दोष नाही. त्यालाही आता नक्की कुठली बाजू घ्यावी कळत नसावं.

अक्काचं मात्र गाड्यांकडे लक्ष नव्हतं. दर खेपेला मी आले की ती निरगुडीचा पाला तव्यावर गरम करते, फडक्यात बांधते आणि माझा डावा गुडघा शेकत बसते. तेवढ्यात आमचं सगळं बोलणं होतं, माहेरचं, मेलेल्यांचं, जिवंतांचं. आजही मी येणार म्हणून तिने सकाळीच पाला तोडून आणून ठेवला होता. सुनेने तवा ठेवला. अक्काने माझं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि बोटांनी चाचपलं. परत चाचपलं. बोटं थांबली.

"सूज कोठे गयी?"

"नाही आली आज."

ती गरम पुरचुंडी हातात धरून तशीच बसली. मीही. शेकायला काही नाही म्हटल्यावर दोघींना बोलायला सुरुवात कुठून करावी सुचेना. पाल्याचा वास घरभर पसरला होता. बाहेर भाचा अजून फोनवर टायरवरून भांडत होता.

मग अक्काने माझं लुगडं दुसऱ्या बाजूने वर सारलं.

"मंग दुसरा दे," ती म्हणाली, आणि माझा चांगला गुडघा शेकायला लागली.